उंचीचा हिशोब: दोघांनी मोटरहोममधून युटाचा फॉल (पानगळीचा रंगीत हंगाम) कसा करावा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या युटा राज्यात सीडर ब्रेक्सच्या कड्यावर, १०,००० फुटांच्या वर, अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या फांद्या उघड्या पडायला लागलेल्या असतात. तिथून दोन-अडीच तासांवर झायन राष्ट्रीय उद्यानाच्या तळाशी, ४,००० फुटांवर, व्हर्जिन नदीकाठची कॉटनवुडची झाडं मात्र अजून हिरवीगार असतात आणि दुपारी लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. तारीख तीच, राज्य तेच, फरक फक्त उंचीचा. हा फरक रंगांपुरता राहत नाही. रात्रीचा गारठा, मोटरहोममधल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, हीटरला लागणारा गॅस, जनरेटरची ताकद, ब्रेकवरचा ताण, एवढंच काय, भात शिजायला लागणारा वेळसुद्धा उंचीवर ठरतो. म्हणून सहलीचा कागद करताना प्रत्येक मुक्कामापुढे तारखेच्या शेजारी तिथली उंची फुटांत लिहा. पुढचं सगळं त्या एका आकड्यावर बेतता येतं.

आकडे असे: स्प्रिंगडेल आणि झायनचं कॅम्पग्राउंड सुमारे ४,०००, ब्राइस कॅन्यन ८,००० आणि आतल्या रेनबो पॉइंटला ९,१००, एस्कलांते ५,८००, बोल्डर माउंटनवरचा रस्ता ९,६००, कॅपिटल रीफमधलं फ्रुटा ५,४००, फिश लेक ८,८५०.

कधी जायचं

९,००० फुटांच्या आसपासचे अ‍ॅस्पेन साधारण २५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या काळात सोन्यासारखे पिवळे होतात. खाली दऱ्यांतले कॉटनवुड पिवळे व्हायला ऑक्टोबरचा शेवट, कधी नोव्हेंबरचा पहिला आठवडा उजाडतो. दोन्ही एकाच सहलीत ऐन बहरात दिसत नाहीत, हे आधीच मान्य करून टाका. मोटरहोमने पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडप्याने सप्टेंबरअखेरचे दहा दिवस निवडावेत. रंग वरच्या रानात मिळतो, फ्रुटाच्या बागांत सफरचंदं असतात, आणि पाइप गोठवणारी थंडी फक्त उंचावरच्या एक-दोन रात्रीच भेटते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दऱ्या सुंदर दिसतात, पण ब्राइसला जवळपास रोज रात्री पारा शून्याखाली जातो आणि एखादा हिमवर्षावही होऊन जातो. शिवाय २० ऑक्टोबरच्या आसपास युटात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत नॅशनल फॉरेस्टमध्ये पायी फिरायचं तर दोघांनीही भडक केशरी जाकीट किंवा टोपी घालावी.

झायनचं वॉचमन आणि कॅपिटल रीफचं फ्रुटा ही दोन्ही कॅम्पग्राउंड सहा महिने आधी आरक्षित होतात. म्हणजे सप्टेंबरअखेरसाठी मार्चअखेरीस सकाळी संगणकासमोर बसायचं. पुढे जे रद्द होतं ते सहलीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सुटतं, तेव्हा जागा मिळाली नाही तरी रोज एकदा बघत राहा.

प्रवेशाच्या पासचा नियम १ जानेवारी २०२६ पासून बदलला आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वर्षाचा पास ८० डॉलरला मिळतो, त्यासाठी अमेरिकी सरकारने दिलेलं फोटो ओळखपत्र लागतं. भारतातून फिरायला येणाऱ्यांसाठी तोच पास २५० डॉलरला आहे. पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन अशा ११ उद्यानांत परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात. भारतातून येणारं जोडपं झायन आणि ब्राइस दोन्ही करणार असेल, तर वर्षाचा पास काढणंच स्वस्त.

गाडी कुठली घ्यायची

दोघांसाठी २२ ते २५ फुटी क्लास सी पुरते. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा फुगवटा असतो तीच ही गाडी. ३० फुटी घेण्याचा मोह टाळा. घाटात आणि पार्किंगमध्ये ते जास्तीचे पाच फूट रोज नडतात आणि झोपायला मात्र एकच पलंग लागतो. व्हॅनएवढी क्लास बी चालवायला सोपी, पण तिच्या टाक्या लहान, आणि दहा दिवस एकमेकांना धक्के न लागता वावरता येत नाही.

भाड्याची क्लास सी बहुधा फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर असते. पेट्रोल गॅलनमागे ८ ते १० मैल, टाकी ५५ गॅलनची. लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस, हायवे १२, कॅपिटल रीफ, फिश लेक आणि परत, अशी फेरी ९०० मैलांच्या आसपास होते. म्हणजे १०० ते ११० गॅलन पेट्रोल धरा. टाकी पाव भागाच्या खाली कधीच जाऊ देऊ नका. रिकाम्या रस्त्याची धास्ती हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे जनरेटर त्याच टाकीतून पेट्रोल घेतो व पाव टाकीला आपोआप बंद पडतो. तशी नळीच बसवलेली असते, गाडी अडकू नये म्हणून. लोक जनरेटर बिघडला समजून मदतीला फोन लावत बसतात.

ताब्यात घेताना किमान दीड तास राखून ठेवा. विम्याच्या कागदात छत आणि गाडीचं पोट यांचं नुकसान धरलंय का ते वाचा. पुष्कळदा ते वगळलेलं असतं, आणि झाडाच्या फांदीने सर्वांत आधी फाटतं ते छतच. कच्च्या रस्त्यावर न्यायला करारातच मनाई असते. त्यामुळे एस्कलांतेजवळचा होल-इन-द-रॉक रोड किंवा कॉटनवुड कॅन्यन रोड नकाशावर कितीही जवळचा वाटला तरी विसरा. पाऊस पडला की तिथली माती शाडूसारखी निसरडी होते.

त्याच आवारात या गोष्टी स्वतःच्या हाताने करून बघा: गॅसची शेगडी पेटवा, हीटर पाच मिनिटं चालवा, गरम पाणी येतंय का पाहा, फ्रिज गॅसवर टाका, जनरेटर सुरू करून मायक्रोवेव्ह लावा, स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, असेल तर एकदा बाहेर काढून आत घ्या. टायरचा दाब थंड असतानाच मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा खरा, टायरवर छापलेला तो कमाल दाब. मागे जोडचाकं असतात, आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला लागतो का तेही बघा. पारा १० डिग्री फॅरनहाइटने उतरला की दाब साधारण दोन टक्के उतरतो. म्हणजे व्हेगासच्या उन्हात नीट भरलेलं ८० पीएसआयचं टायर ब्राइसच्या पहाटे ७२ च्या आसपास दिसेल. दाराचा आकडा गाठण्यापुरती हवा भरा आणि खाली उतरल्यावर पुन्हा मोजा.

रस्ता

पहिला अडथळा झायनचाच. झायनमधून पूर्वेला जाणारा माउंट कार्मेल बोगदा १९३० चा, १.१ मैल लांब, आणि त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. पूर्वी १५ डॉलर भरले की दुसऱ्या बाजूची वाहतूक थांबवून मोठ्या गाड्या मधोमध सोडत. जून २०२६ पासून ते बंद. आता ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद, ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ३५ फूट ९ इंचांपेक्षा लांब गाडीला त्या रस्त्यावर प्रवेशच नाही. क्लास सी साधारण ८ फूट ४ इंच रुंद असते, म्हणजे लांबीत बसली तरी रुंदीत अडते. जुने प्रवासलेख वाचून बेत केला तर इथे फसगत होते. फोनवरच्या नकाशाला तुमच्या गाडीची रुंदी माहीत नसते, तो बोगद्याचाच रस्ता दाखवणार.

मग ब्राइसला जायचं कसं? स्प्रिंगडेलहून पश्चिमेला माघारी, १७ नंबरने आय-१५ हा महामार्ग गाठायचा आणि उत्तरेला सीडर सिटी. तिथून दोन वाटा फुटतात. १४ नंबरचा रस्ता ९,९०० फुटांपर्यंत चढतो. काळ्या लाव्हाच्या खडकांतून उगवलेले पिवळे अ‍ॅस्पेन त्यावर भेटतात, पण चढ-उतार जबर आहे. दुसरी वाट आय-१५ वरूनच आणखी उत्तरेला जाऊन २० नंबरने यूएस-८९ महामार्गावर उतरते. सहलीच्या तिसऱ्याच दिवशी नवा हात घेऊन १४ नंबरवर जाऊ नका, २० नंबर घ्या. बोगद्यातून ८५ मैलांचं अंतर या वळशाने १३५ ते १५० मैल होतं. सकाळी आठला निघालात तर जेवायला ब्राइस.

झायनच्या आतल्या कॅन्यनमध्ये हंगामात खासगी गाड्यांना बंदी असते, उद्यानाची बस फुकट आहे. गाडी कॅम्पवर उभी राहू द्या. ब्राइसलाही बस आहे, आणि मुख्य कड्यांवरच्या पार्किंगमध्ये लांब गाड्यांना बसच्या वेळेत मज्जाव असतो. ४,००० फुटांवरून एका दिवसात ८,००० वर आल्यावर डोकं जड होतं. त्या दिवशी पाणी जास्त प्या आणि मोठी चढण दुसऱ्या दिवसावर टाका.

ब्राइसपासून टोरीपर्यंतचा हायवे १२ हा या सहलीचा कळस. रस्ता ११० मैलांच्या आसपास, वेळ मात्र अख्खा दिवस ठेवा, आणि जमलं तर एस्कलांतेला एक रात्र. एस्कलांते आणि बोल्डर या गावांमध्ये हॉगबॅक नावाचा पट्टा आहे. रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्ही अंगांना खोल उतार आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. मोटरहोम तिथून रोज जातात, घाबरायचं कारण नाही. वाऱ्याच्या दिवशी मात्र सकाळीच पार करा, कारण उभ्या भिंतीसारख्या गाडीला बाजूचा वारा ढकलतो. बोल्डरनंतर रस्ता ९,६०० फुटांवर चढतो आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅस्पेनचं रान सुरू होतं. थांबायला बाजूला डांबरी जागा आहेत. तिथेच थांबा, गवतावर चाक घालू नका, खाली माती भुसभुशीत असते.

परतीच्या वाटेवर टोरीहून लोआमार्गे २५ नंबरने फिश लेककडे वळा. इथे पँडो आहे. १०६ एकरांवर सुमारे ४७,००० खोडं, सगळी एकाच मुळातून फुटलेली. दिसतं ते रान, असतं ते एकच झाड. २५ नंबरचा रस्ता त्याच्या मधूनच जातो. काही भागाला कुंपण आहे, कारण कोवळे कोंब हरणं खाऊन टाकतात. गाडी रस्त्याकडेच्या पक्क्या जागेत लावा आणि पायी आत जा. थंडी सुरू झाली की त्या भागातल्या कॅम्पग्राउंडचे नळ बंद करतात, तेव्हा पाणी टोरीलाच भरून घ्या.

वेळेचा एक गोंधळ ध्यानात ठेवा: नेवाडातून युटात शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं. कॅम्पवर पोचायची वेळ युटाच्या घड्याळाने धरा, आणि ती सूर्यास्ताच्या दीड तास आधीची असू द्या. अंधार पडताना रस्त्यावर म्यूल डिअर जातीची हरणं उतरतात, हायवे १२ वर मोकळी गुरंही असतात. सहा टनांची गाडी मोटारीसारखी जागेवर थांबत नाही.

चालवताना

चढाचं काही अवघड नाही, उजव्या कडेने सावकाश जा आणि मागे पाच गाड्या जमल्या की बाजूला होऊन जाऊ द्या. शिकायचं आहे ते उतरणं. गिअरच्या दांड्याच्या टोकाला टो-हॉलचं बटण असतं, ते घाटमाथ्यावरच दाबा. मग गाडी खालच्या गिअरमध्ये राहते आणि इंजिनच वेग धरून ठेवतं. तरी वेग वाढला तर ब्रेक ठाम दाबून वेग पाच-सात मैलांनी उतरवा आणि पाय पूर्ण उचला. वेग पुन्हा वाढला की पुन्हा तसंच. पाय हलकाच टेकवून ठेवण्याची सवय घातक, कारण ब्रेकला गार व्हायला उसंत मिळत नाही. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर सपाट जागा बघून थांबा आणि अर्धा तास थांबाच. पाणी ओतू नका.

वळताना गाडीची शेपूट विसरायची नाही. २५ फुटी गाडीचा मागच्या चाकांच्या मागे नऊ-दहा फूट भाग लोंबता असतो. डावीकडे वळलात की ती शेपूट उजवीकडे बाहेर फेकली जाते. भाड्याच्या गाड्यांचं सर्वांत जास्त नुकसान पेट्रोल पंपावर होतं ते यामुळेच. पंप उजव्या हाताला, पुढे गाडी उभी, म्हणून माणूस लगेच डावीकडे स्टिअरिंग कापतो आणि मागचा कोपरा पंपाच्या पिवळ्या खांबावर घासतो. शेपूट पंपाच्या पुढे निघेपर्यंत सरळच जा, समोर जागा नसेल तर थांबून राहा.

मागे घेताना दुसऱ्याने खाली उतरलंच पाहिजे. उभं राहायचं ते मागच्या डाव्या कोपऱ्याच्या बाजूला, चालकाला आरशात दिसेल असं. माणूस आरशातून गेला की गाडी थांबली पाहिजे, हा नियम पक्का करा. आणि थांबवायचा शब्द एकच ठरवा: "थांब". "अरे अरे", "बघ जरा", "हां हां चल" यातून चालकाला काहीच कळत नाही. उतरलेल्या माणसाने खालचं कमी आणि वरचं जास्त बघायचं. दगड चालकाला दिसतो, फांदी दिसत नाही.

थंडीची रात्र

आठ हजार फुटांवरची रात्र नीट गेली तर सहल नीट गेली. मोटरहोममधला हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. मध्यम आकाराचा पंखा चालू असताना ७ अँपिअर तरी घेतो. समजा गाडीतल्या घरापुरत्या वेगळ्या बॅटरीचे १०० अँपिअर-तास आहेत. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली नेऊ नये, म्हणजे हाती राहिले ५०. थंडीच्या रात्री दहा तासांतले पाच तास हीटर चालला की ३५ गेले. दिवे, पाण्याचा पंप, फोन चार्ज करणं यांत उरलेले संपतात.

मग पहाटे तीनला असं होतं: टिक्, पंखा घर्रर्र करून फिरायला लागतो, पण ज्योत पेटल्याचा तो भप्प असा आवाज येतच नाही. गार हवा येत राहते, थोड्या वेळाने पंखाही थांबतो. गॅस संपला असं वाटतं, पण गॅस असतो. हीटरमध्ये वाऱ्याच्या झोताने ढकलली जाणारी एक पातळ पत्री आहे. ती पुरेशी ढकलली गेली तरच गॅस सोडायचा, अशी सुरक्षेची सोय. बॅटरी उतरली की पंखा मंद फिरतो, पत्री हलत नाही, गॅस सुटत नाही.

म्हणून झोपण्यापूर्वी भिंतीवरच्या पट्टीवरचे दिवे बघून समाधान मानू नका, व्होल्ट बघा. चार्जिंग बंद करून तासाभराने १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.२ असेल तर जनरेटरच्या परवानगीच्या वेळात एक-दीड तास तो चालवा. इन्व्हर्टर बंद करा. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर, म्हणजे १३ सेल्सिअसवर ठेवा आणि चांगली जाड गोधडी घ्या. ६८ वर ठेवून टी-शर्टमध्ये झोपायचं असेल तर वीजजोडणीची जागा घ्यावी लागेल. वॉचमनच्या काही भागांत वीज आहे. फ्रुटाला नाही, पण ते खाली असल्यामुळे चालून जातं. ब्राइसच्या रात्रीसाठी उद्यानाबाहेरच्या, पूर्ण जोडणीच्या (वीज, पाणी आणि सांडपाणी) कॅम्पग्राउंडचे जास्तीचे पैसे मोजावेत. तिथे ते वसूल होतात.

गॅसचा हिशोब असा: ३०,००० बीटीयूचा हीटर सलग तीन तास चालला की एक गॅलन प्रोपेन जातं. टाकी बहुधा दहा गॅलनच्या आसपास. उंचावर जाण्यापूर्वी निम्म्याहून जास्त भरलेली हवी.

पाणी गोठू नये म्हणून संध्याकाळीच टाकी भरून घ्या, नळाची नळी काढून निथळून आत ठेवा आणि रात्रभर पंपावर चालवा. नळाला जोडून ठेवलेली नळी सकाळी लाकडासारखी कडक होते आणि कधी कधी नळच फुटतो. सिंकखालची दारं उघडी ठेवा. वीज असली तरी नुसत्या इलेक्ट्रिक हीटरवर विसंबू नका. गॅस-हीटरच्या गरम हवेच्या नळ्या टाक्यांच्या बाजूने जातात, इलेक्ट्रिक हीटर फक्त खोली तापवतो, आणि खाली पंप गोठतो. छताची खिडकी इंचभर उघडी असू द्या, नाहीतर दोघांच्या श्वासाने सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि गादीची कड ओली होते. शेगडी पेटवून आतली हवा तापवणं मात्र कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसवरचा फ्रिज मधूनच विझतो आणि तपासा असा दिवा लावतो. बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीच पेटला तर वीज असेल तिथे विजेवर टाका. गाडी कलती उभी असेल तरी हा फ्रिज गार करत नाही, म्हणून चाकाखाली ठोकळे घालून आधी सपाट करायची. जनरेटर उंचावर धापा टाकतो. दर हजार फुटांमागे त्याची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. त्याच्या दाराआड बहुधा उंचीचा आकडा लावायचा एक छोटा खटका असतो, तो फिरवा आणि उतरल्यावर परत आणा.

पाणी आणि टाक्या

चांगल्या पाण्याची टाकी ४० गॅलन, सिंक-न्हाणीच्या पाण्याची ग्रे टँक ३०, संडासाची ब्लॅक टँक २५ ते ३० असं साधारण माप धरा. दोघांना काटकसरीने दिवसाला १२ गॅलन पुरतात, म्हणजे तीन दिवस. आधी भरते ती ग्रे टँक, कारण शॉवरचं पाणी त्यात जातं. शॉवर सोडून द्या, लहान बादली आणि तांब्या न्या. दोन गॅलनमध्ये व्यवस्थित अंघोळ होते, आणि ही सवय आपल्याला शिकावी लागत नाही.

ब्लॅक टँकमध्ये सुरुवातीला दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची गोळी टाका. पाणी वापरणाऱ्यांची टाकी लवकर भरते, पण तुंबत नाही. तुंबते ती कागदाने. कागद वापरायचाच तर आरव्हीचा, म्हणजे मोटरहोमसाठी बनवलेला, पटकन विरघळणारा. पूर्ण जोडणीच्या जागीही ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून देऊ नका. पाणी वाहून जातं, घट्ट मैला मागे राहून त्याचा ढीग होतो, आणि तो काढायला माणूस बोलवावा लागतो. दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडायची.

सोडण्याचा क्रम:

१. हातमोजे. जाड नळी आधी जमिनीतल्या तोंडात घट्ट बसवा, मग गाडीला खटका लागेपर्यंत फिरवा.
२. आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडा. आवाज थांबेपर्यंत थांबा, संडासातून दोन बादल्या पाणी ओता, बंद करा.
३. मग ग्रे. साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं, म्हणून ग्रे नंतर.
४. दोन्ही व्हॉल्व्ह बंद झालेत हे हाताने ढकलून बघा. गाडीकडचं टोक आधी काढा, उचलून नळी निथळा, धुवा, झाकण लावा.
५. ब्लॅकमध्ये पुन्हा पाणी आणि गोळी.

एकाने हे सगळं करायचं आणि दुसऱ्याने त्या वेळी कशालाही हात लावायचा नाही. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी मैला सोडायच्या जागेच्या नळाला कधीच जोडू नका, त्यासाठी वेगळा नळ असतो. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे भरवशाचे नसतात, दिवस मोजा.

स्वयंपाक

८,००० फुटांवर पाणी ९२ डिग्री सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही, भात वर मऊ आणि आत कणीदार राहतो. तीन लिटरचा कुकर न्याच, आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घ्या. डाळ सकाळीच भिजत टाकून निघालात तर गॅस वाचतो. इलेक्ट्रिक कुकर हवा असेल तर ३० अँपिअरच्या वीजजोडणीच्या जागी एक नियम पाळा: कुकर, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक हीटर यांपैकी एका वेळी एकच, फार तर दोन. तिन्ही लागले की खटका पडतो.

फोडणी हा वेगळा विषय आहे. मोहरी तडतडली आणि मिरची पडली की आठ फुटांवरचा धुराचा भोंगा किंचाळणार. भोंगा काढून ठेवू नका. छताचा पंखा बाहेर फेकणारा लावा, खिडकी उघडा आणि मगच तेल ठेवा. त्याहून बरं म्हणजे घरूनच वाटीभर तयार फोडणी आणि कोरडं वाटण डबीत न्यावं. भांडी धुण्याआधी कागदाने पुसा. तेल आणि भाताची शितं ग्रे टँकमध्ये गेली की चार दिवसांत वास मारतात.

व्हेगास सोडल्यावर भारतीय किराण्याचा भरवसा धरू नका. दशम्या, मेथीचे ठेपले, मेतकूट, भडंग, गूळपोळी असलं टिकणारं बरोबर असू द्या. पहिल्या दोन दिवसांची दुपारची जेवणं त्यावर निघतात आणि गाडी शिकायला वेळ मिळतो. फ्रुटाला झाडावरची सफरचंदं स्वतः तोडून खायची परवानगी आहे. बागेत खाल्लेल्याचे पैसे नाहीत, बरोबर नेलेल्याचे वजन करून पेटीत टाकायचे. फळ तोडायला खुल्या असलेल्या बागांवर पाटी असते, तीच बघून आत शिरा.

निघताना आणि परत देताना

रोज सकाळी गाडी हलण्यापूर्वी एकाने आतून आणि दुसऱ्याने बाहेरून फेरी मारायची, मग जागा बदलून पुन्हा. आत: कप्प्यांचे आणि फ्रिजचे खटके, छताच्या खिडक्या, पंप बंद, शेगडी बंद, स्लाइड आत. बाहेर: विजेची वायर, नळी, झाकणं, पायरी, ठोकळे, सामानाच्या कप्प्यांची कुलपं. प्रोपेन प्रवासात बंद ठेवलेलं बरं. फ्रिज चार तास तसाच गार राहतो. बाहेरची शेवटची फेरी मारणाऱ्याच्या खिशात किल्ली असावी. ती फेरी झाल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

शेवटची रात्र सेंट जॉर्जच्या आसपास, ३,००० फुटांखाली काढा. तिथे उबेत आवरता येतं. दोन्ही टाक्या तिथेच रिकाम्या करा, व्हेगासमध्ये सकाळी शोधत फिरू नका. जनरेटरच्या तासांचा आकडा आणि मैल यांचे फोटो घ्या, पेट्रोल आणि प्रोपेन करारात लिहिल्याइतकं भरा, आणि घेताना काढले होते त्याच क्रमाने गाडीच्या चारी बाजूंचे, छताचे आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांचे फोटो आवारात शिरण्यापूर्वी काढून ठेवा.